पाहिजे, प्राधान्य आणि क्षमस्व

‘मुलगी पदवीधर पाहिजे, गायनाची आवड असल्यास प्राधान्य, मंगळ असल्यास क्षमस्व.’ असल्या जाहिराती वाचकांनी पुष्कळ वाचल्या असतील. पण संगणकावर मजकूर हुडकून देणारी यंत्रेही नेमक्या याच तीन कलमांवर चालतात, हे ठाऊक आहे काय?

डग कटिंग यांनी १९९९ साली लिहिलेल्या ‘ल्युसीन’मध्ये या कलमांना ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मस्ट नॉट’ म्हणतात. ग्रंथाच्या अखेरीस सूची असते, तशी सूची यंत्रापाशी असते. प्रत्येक शब्दापुढे तो ज्या कागदांत आला त्यांचे क्रमांक. समजा, ‘कोयना’ पाहिजेच आणि ‘भूकंप’, ‘१९६७’ असल्यास बरे, असे तुम्ही सांगितले. मग ‘कोयना’ नसलेला कागद उंबऱ्याबाहेरच राहतो. उरलेल्या दोन शब्दांच्या हाती फक्त गुण. शब्द जितका दुर्मिळ, तितके गुण अधिक. ही कल्पना कॅरेन स्पार्क जोन्स या विदुषीने १९७२ साली मांडली.

आता गंमत पाहा. एकही अट सक्तीची नसली, तर ऐच्छिकांपैकी निदान एक तरी जुळावीच लागते. एक ‘पाहिजेच’ आले, की ही सक्ती संपते आणि ऐच्छिक अटी केवळ क्रम ठरवतात. आणि नुसतेच ‘नको, नको’ म्हटले, तर ल्युसीन काहीच देत नाही. खरेच आहे, काय हवे हे सांगितल्यावाचून शोधायचे तरी काय?

मराठी माणसाने मात्र अधिक जपावे. आपले शब्द विभक्तीगणिक रूप पालटतात. यंत्राला मराठी व्याकरण शिकवलेले नसेल, तर ‘कोयनेच्या भूकंपात’ एवढेच लिहिलेला कागद ‘कोयना’च्या सक्तीपुढे बाद होतो. ११ डिसेंबर १९६७ च्या त्या भूकंपाची हकीकत शोधणाऱ्याला कदाचित नेमका तोच कागद हवा असायचा! तो बाद झाल्याचे यंत्र सांगतही नाही. यावर उपाय सोपा आहे: ‘कोयना’, ‘कोयनेच्या’, ‘कोयनेला’ यांचा एक गट करावा आणि त्यातले कोणतेही एक रूप पाहिजेच, असे सांगावे.

बाकी अटी होता होईतो ‘प्राधान्या’तच ठेवाव्यात. ‘पाहिजेच’ची यादी लांबली की स्थळे आटतात, हे वधूवरांच्या वडिलांना कोणत्याही यंत्रावाचून कळलेले आहे!