रंग लावल्याने टाका बाटत नाही

कापड आधी रंगवायचं आणि मग त्यावर भरायचं, असं मी गेली काही वर्षं करतेय. बघणाऱ्यांची प्रतिक्रिया ठरलेली: "छान आहे गं, पण आभाळ रंगवलंयस ना? म्हणजे अर्धं काम वाचवलंस!" एका स्पर्धेच्या नियमांत तर सरळ लिहिलं होतं की रंगकाम केलेला नमुना बाद. मला या 'बाद'शी भांडायचंय.

आधी साधा प्रश्न. रंग चालत नाही म्हणता, मग दोरा काय पांढराच असतो? लडी रंगवलेली, खालचं कापडही रंगवलेलं. एकाच लडीत फिक्यापासून गडदपर्यंत जाणारा शेडेड दोरासुद्धा खुशाल चालतो. त्यातली छटा कारखान्याने मिसळलेली असते. कारखान्याने रंग लावला तर भरतकाम शुद्ध आणि मी ब्रशने लावला तर लबाडी, हा कुठला न्याय?

आता 'काम वाचवलं' याबद्दल. पावसाळी आभाळ भरीव टाक्याने भरून बघा. दोऱ्याला दिशा असते, त्यामुळे ढगांचे पट्टे दिसायला लागतात. तेच ओल्या मांजरपाटावर पातळ रंग सोडला की करडा निळ्यात आपसूक उतरतो. त्यावर भाताची रोपं दोऱ्याने उभी केली की ती पुढे येतात, कारण दोऱ्याला जाडी असते, त्यावर उजेड पडतो. रंग मात्र मागेच राहतो. सगळंच भरलं तर सगळंच पुढे येतं आणि रोपं हरवतात.

आणि हे रंगवणं फुकटात होत नाही. कापड धुऊन खळ काढावी लागते, नाहीतर रंग नीट मुरत नाही. फॅब्रिक कलरचा थर जाड झाला तर कापड कडक होतं, सुई अडते, उसवलेल्या टाक्याची भोकं तशीच राहतात. रंग पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री फिरवून तो पक्का करावा लागतो. मुख्य म्हणजे टाका कुठे घालायचा नाही, हे सुई हातात घेण्याआधीच ठरवावं लागतं.

परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी परंपराही नीट बघावी. मिंग काळात शांघायच्या गू घराण्यातल्या स्त्रिया एकाच कामात ब्रश आणि सुई दोन्ही वापरत. त्यांच्यातल्या हान शीमेंगने 1634 मध्ये जुन्या चित्रकारांच्या कृतींवरून भरलेला संग्रह आजही बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. त्या काळचा बडा चित्रकार-समीक्षक तुंग छीछांग याने त्या कामाची तारीफ लिहून ठेवली. रंग लागलाय म्हणून त्याने नाक मुरडलं नाही.

आपल्याकडे चंब्याचा रुमाल घ्या. दोन्ही बाजूंनी सारखंच दिसणारं ते भरतकाम स्त्रिया करत, पण दरबारी कामांत कृष्णलीलेची रेखाटनं लघुचित्रं काढणारे चित्रकार करून देत. अमेरिकेत 1799 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन वारल्यानंतर मुलींच्या शाळांमध्ये रेशमावर शोकचित्रं भरायची लाट आली. त्यांतलं आभाळ आणि चेहरे जलरंगात असत. चेहरे रंगवायला बरेचदा शिक्षिका किंवा व्यावसायिक चित्रकार असे.

म्हणजे रंग भरतकामात पूर्वीपासून आहे. भांडण रंगाचं नाहीच, ब्रश कोणाच्या हातात आहे याचं आहे. चित्र दुसऱ्याने काढायचं आणि बाईने ते मुकाट भरायचं, ही वाटणी कोणालाच खटकली नाही. आजही ट्रेसिंगवरचा किंवा बाजारातून छापून आणलेला नमुना भरला तर कोणी 'अर्धं काम वाचवलंस' म्हणत नाही. तिथे तर अख्खी कल्पनाच वाचवलेली असते! बाईने स्वतः रंग कालवला, स्वतःचं आभाळ ठरवलं, की मात्र नियम आठवतात.

यामागे आणखी एक खोड आहे. भरतकामाचं मोल आपण डोकं किती चाललं यावरून करत नाही, बाई किती तास वाकून बसली यावरून करतो. मान आखडली, डोळ्यांना पाणी आलं, म्हणजे काम भारी. चित्रकाराला कोणी विचारतं का, किती तास लागले म्हणून? त्याने कॅनव्हासचा कोपरा कोरा सोडला तर ती त्याची दृष्टी. आम्ही कापड न भरता सोडलं तर तो आळस.

एक आक्षेप मला मान्य आहे. मशीनवर छापलेल्या चित्रावर चार गाठीचे टाके घालून ते 'संपूर्ण हाताचं' म्हणून विकणं ही फसवणूकच आहे. पण त्यावर उपाय सोपा आहे. नमुन्याखाली लिहा: सुती कापड, हाताने लावलेला रंग, दोरा; रेखाटन कोणाचं, तेही लिहा. मग गंमत बघा. आज 'शुद्ध' म्हणून बक्षीस घेणाऱ्या किती नमुन्यांखाली रेखाटनकार म्हणून दुसऱ्याचंच नाव लिहावं लागेल!

तेव्हा आयोजकांनो, नियम ठेवायचाच असेल तर रंगाऐवजी उसन्या चित्रावर ठेवा. आणि रिंग घेऊन नुकत्याच बसलेल्या मैत्रिणींनो, मांजरपाटाचा एक तुकडा धुऊन वाळत घाला. इन्स्टावरचा नमुना उतरवून घेण्याआधी तुमच्या खिडकीतलं आभाळ त्यावर उतरवा. ते कितपत भरायचं, हे तुम्हीच ठरवा.