विश्लेषण : घरी हौसेने लिहिलेला कोड नेमका कुणाचा?

ऑफिसचं काम संपवून रात्री स्वतःचं अॅप लिहीत बसणारे प्रोग्रामर हिंजवडीत काही कमी नाहीत. पण ते अॅप कोणत्या लॅपटॉपवर लिहिलं जातंय, याचा विचार फार थोडे करतात.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची मालकी कंपनीची असते. हौसेचा कोड त्यात आपोआप येत नाही. मात्र ‘कंपनीच्या साधनांवर केलेलं सर्व काम’ अशी अट नेमणुकीच्या करारात असू शकते. मग ऑफिसच्या लॅपटॉपवरचा हौशी प्रोजेक्ट म्हणजे विकतचं दुखणं.

लिनस टोरवाल्ड्स यांचं उदाहरण बघा. हेलसिंकीत शिकत असताना जानेवारी १९९१ मध्ये त्यांनी ३८६ प्रोसेसरचा पीसी घेतला. रॅम अवघी ४ एमबी! त्यावर घरीच लिनक्स लिहायला सुरुवात झाली आणि ऑगस्टमध्ये ‘निव्वळ छंद’ म्हणून त्याची घोषणाही झाली. १९९२ मध्ये लिनक्स जीपीएल परवान्याखाली आणताना त्यांना कुठल्या कंपनीची परवानगी मागावी लागली नाही.

आज जुना, ८ जीबी रॅमचा लॅपटॉपही अशा कामाला पुरतो. ईमेल आणि गिटहब खातं मात्र स्वतःचंच हवं. आधीपासून सुरू असलेले प्रोजेक्ट सही करण्यापूर्वी करारात लेखी नोंदवून घ्यावेत. पगार आठ तासांचा आणि हक्क चोवीस तासांचा, हे कंपन्यांचं गणित मान्य करण्याचं कारण नाही. एचआरला तसं विचारायलाही हरकत नसावी.