विंडोज १० नंतर जुन्या लॅपटॉपचे काय?

सिहोरा (जि. भंडारा), प्रतिनिधी : मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. तुमसर तालुक्यातील सिहोऱ्यासारख्या धानपट्ट्यातील गावांत ऑक्टोबर-नोव्हेंबर हा कापणीचा आणि हमीभावाच्या ऑनलाइन नोंदणीचा काळ. जुना लॅपटॉप बदलावा, अद्ययावत करावा की तसाच वापरावा, हा पेच नागपूर-पुण्यातील घरांतही आहेच. फरक इतकाच, की घरच्या लॅपटॉपमध्ये कुटुंबाची कागदपत्रे असतात. दाखले व सातबारा काढून देणाऱ्या गावातील केंद्राच्या लॅपटॉपमधून साऱ्या पंचक्रोशीचे आधार व बँक तपशील जातात.

पाठिंबा संपला म्हणून यंत्र बंद पडत नाही, आणि तेथेच फसगत होते. नव्याने सापडणाऱ्या त्रुटींची दुरुस्ती मात्र मिळेनाशी होते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’वरील दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती, ती न घेतलेले संगणक बळी पडले. विंडोज ७ चा पाठिंबा जानेवारी २०२० मध्ये संपला, तरी अनेकांनी ती रेटली. अखेर २०२३ मध्ये क्रोम ब्राउझरनेही तिची साथ सोडली.

विंडोज ११ पात्र यंत्रांना विनामूल्य मिळते. अट आहे टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारणत: आठव्या पिढीचा वा त्यानंतरचा प्रोसेसर. ही पिढी २०१७ मध्ये आली. त्याआधीचे बहुतेक लॅपटॉप बाद ठरतात. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे साधन पात्रता सांगते. कधी कधी चिप असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. दुकानदाराच्या ‘नवाच घ्या’ या सल्ल्यापूर्वी एवढे पाहून घ्यावे. अटी चुकवून प्रणाली बसविण्याच्या युक्त्याही आहेत. तथापि, अशा यंत्राला पुढील अद्यतने मिळतील याची हमी कंपनी देत नाही. पात्र लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी बसविणे श्रेयस्कर. अन्यथा नवी प्रणाली रखडतच चालेल.

अपात्र यंत्रांसाठी कंपनीने मुदतवाढ जाहीर केली. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची होती. व्यावसायिक वापरासाठी पहिल्या वर्षी प्रतियंत्र ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, असा कमाल तीन वर्षांचा दर ठरला. तिन्ही वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात. एवढ्यात साधा नवा लॅपटॉप येतो! केंद्रचालकाने त्यामुळे पहिल्या वर्षापलीकडे या वाटेला न जाणेच बरे.

लिनक्सचा पर्याय फुकट आहे. तीत इनस्क्रिप्ट मराठी टंकलेखन होते, ब्राउझर चालतो. विद्यार्थ्याला वा निवृत्त गृहस्थाला आणखी काय हवे? केंद्राचे मात्र तेवढ्याने भागत नाही. अंगठ्याचे ठसे घेणारे यंत्र आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यांची चालक सॉफ्टवेअर प्रामुख्याने विंडोजसाठी असतात. ती नव्या प्रणालीवर चालतात का, हे पुरवठादाराकडून आधीच खात्री करून घ्यावे लागते.

बदलाची वेळही महत्त्वाची. जून-जुलैतील दाखल्यांची गर्दी आणि धाननोंदणीचे दिवस टाळून, साऱ्या फायलींची प्रत बाहेरील डिस्कवर घेतल्यावरच हे काम हाती घेणे शहाणपणाचे आहे.