इंजिनाचा पंखा आणि मालकाची काटकसर

स्मरणिकेत भावावर, करावर, पेढीच्या जुन्या आठवणींवर लिहिण्याची आपल्याकडे प्रथा आहे. यंदा मी ट्रकच्या पंख्यावर लिहितो आहे, याचे कित्येक सभासद बंधूंस हसू येईल. परंतु आपल्यापैकी ज्यांच्या दारी स्वतःची मालगाडी उभी आहे त्यांनी हे चार शब्द वाचावेत, कारण यातील चूक माझ्या हातून घडलेली आहे.

दोन वर्षांपूर्वी आमची गाडी गोव्याहून नारळ भरून बेळगावकडे परतत असता अनमोड घाटात तापली. मोले सोडून चढण लागताच काटा वर गेला आणि अर्ध्या वाटेवर रेडिएटरमधून वाफ निघू लागली. रस्त्यावरच्या मिस्त्रीने पाहिले, फॅन क्लच गेला होता. त्याने क्लच बोल्टांनी जाम करून पंखा ‘डायरेक्ट’ केला आणि गाडी सुखरूप घरी आली. नव्या क्लचची किंमत विचारली तेव्हा मला ती फार वाटली. गाडी चालते आहे, तापत नाही, मग खर्च कशाला? असे म्हणून मी तो विषय मिटविला, आणि मनातून स्वतःच्या व्यवहारचातुर्यावर खूषही झालो.

पुढे डिझेलच्या खात्यात खोट दिसू लागली. बेळगाव-पणजी जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरची फेरी. तिच्यामागे तीन-चार लिटर अधिक लागू लागले. व्यापाऱ्याच्या मनात प्रथम जी शंका येते तीच माझ्या मनात आली. मी चालकास बोलावून जाब विचारला. गाडी घरघर फार करते, चढावर ओढत नाही, हे तो मला दोनदा सांगून गेला होता. ते मी कानाआड केले आणि त्याच्या पगारातून रक्कम कापली. पुढे पाण्याच्या पंपाचे बेअरिंग गेले, गाडी कारखान्यात लावली, तेव्हा तेथील वयस्कर मिस्त्रीने उलगडा केला. डिझेल चालकाने विकले नव्हते. ते पंखा पीत होता.

हे कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. रेडिएटरमागच्या पंख्याची गरज इंजिनास सर्वकाळ नसते. गाडी सपाटीवर वेगात असता समोरून येणारा वाराच पुरतो. चढणीवर मात्र वेग थोडा व इंजिनावर भार फार असतो. तेथे पंखा जोराने फिरावा लागतो. ही निवड क्लच करतो. त्याच्या पोटात दाट सिलिकॉन तेल असते आणि तोंडाशी दोन धातूंची जोडपट्टी. रेडिएटरमधून आलेली हवा तापली की पट्टी वळते, आतील झडप उघडते, तेल चकतीच्या खाचांत शिरते आणि पंखा इंजिनाबरोबर फिरू लागतो. हवा निवली की तेल माघारी जाते व पंखा सैल पडतो. क्लच जाम केला म्हणजे ही निवडच संपली. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्यास लागणारी शक्ती दुप्पट न होता आठपट होते, हा हवेचा नियम आहे. ती शक्ती डिझेलमधूनच यावयाची. शिवाय पट्टा, पंपाचे बेअरिंग आणि खुद्द पाती यांवर नको तितका ताण पडतो तो वेगळाच.

कापलेली रक्कम मी चालकास परत केली. त्याने ती मोजून घेतली व काही बोलला नाही. ते न बोलणे मला त्या पंपाच्या बिलापेक्षा महाग पडले.

माझे मत असे की, अडल्या वेळी पंखा डायरेक्ट करणे यात मिस्त्रीचा दोष नाही. घाटात दुसरा उपाय नसतो. परंतु गाडी घरी आल्यावर आठवड्याच्या आत नवा क्लच बसविणे ही मालकाची जबाबदारी आहे. जुन्यात तेल भरून देणारे कारागीर भेटतात. मी त्यावर घाटाची गाडी सोडणार नाही.

क्लचची परीक्षा घरच्या घरी होते. इंजिन बंद व थंड असता पंखा हाताने फिरवावा. किंचित जड फिरला पाहिजे. भिरभिरत राहिला तर तेल गेले. पाते पुढे-मागे हलविता लचकले तर बेअरिंग गेले. क्लचच्या तोंडावर तेलकट धूळ बसलेली असणे हीही वाईट खूण. सकाळी गाडी सुरू करताच मिनिटभर पंखा गर्जतो, त्यास मात्र घाबरू नये; रात्रीतून तेल आत उतरलेले असते. बदलताना पात्यांस तडे आहेत का हे पाहावे आणि रेडिएटरच्या जाळीतील चिखल धुवावा. जाळी बुजली तर गरम हवा पट्टीपर्यंत पोचतच नाही, आणि नवा क्लचही फसतो.

काही बंधू विचारतात, जुन्या गाडीस नव्या पद्धतीचा, विजेच्या इशाऱ्यावर चालणारा क्लच बसवावा काय? १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आले; त्यानंतरच्या पुष्कळ गाड्यांत तो मुळातच असतो. त्यास इंजिनाचा संगणक आज्ञा देतो, म्हणून तो पट्टीच्या क्लचपेक्षा अधिक नेमका. परंतु ज्या गाडीत आज्ञा देणारा संगणकच नाही तिच्यात तो बसवून काय साधणार? तेथे इंजिन बनविणाऱ्याने सांगितलेलाच क्लच घ्यावा. घाटाच्या कामासाठी त्याच इंजिनास त्याने अधिक दमाचा क्लच दिला असेल तर तो जरूर घ्यावा. तेवढे वाढीव पैसे वाया जात नाहीत. नव्या गाडीचा पंखा एकाएकी सतत गर्जू लागला तर आधी त्याची तार व जोड पाहावी. इशारा तुटला की पुष्कळ बनावटींत पंखा सुरक्षेसाठी पूर्ण वेगानेच फिरत राहतो.

आमच्या तीनपैकी दोन गाड्यांचे क्लच आता नवे आहेत. तिसरी उन्हाळ्यापूर्वी कारखान्यात लावावयाची आहे, आणि दिवस कोणता ते या वेळी चालकास विचारूनच ठरविले आहे.