रंगपत्रिकेने गाळलेला इतिहास

#थ्रेड

१/ आजचा विषय वरवर पाहता क्षुल्लक आहे: वेगवान मोटारींच्या रंगांची नावे. एस्टोरिल ब्लू, इमोला रेड, आवुस सिल्व्हर, क्यालामी ग्रीन, साखीर ऑरेंज. बीएमडब्ल्यू, ऑडी यांसारख्या कंपन्यांनी शर्यतींच्या ट्रॅकची नावे आपल्या रंगांना दिली. ‘यामुळे शर्यतींचा इतिहास जिवंत राहतो’, असे विधान वारंवार वाचनात येते. मला ते साफ अमान्य आहे. का, ते पुढे सांगतो.

२/ रंग आणि शर्यत यांचे नाते जुने. १९०० साली गॉर्डन बेनेट चषकाची स्पर्धा सुरू झाली, तेव्हा प्रत्येक देशाला रंग ठरवून देण्यात आला. फ्रान्सला निळा, बेल्जियमला पिवळा, जर्मनीला पांढरा, अमेरिकेला लाल. १९०३ ची शर्यत आयर्लंडमध्ये झाली आणि ब्रिटिश गाड्या हिरव्या रंगात उतरल्या. इटलीचा लाल रंग त्यानंतरचा.

३/ धुळीच्या लोटातून येणारी गाडी कोणत्या देशाची, हे प्रेक्षकाला दुरून कळे. १९६८ पासून प्रायोजकांचे रंग आले. लोटस संघाच्या गाड्यांनी ब्रिटिश हिरवा उतरवून गोल्ड लीफ या सिगारेटच्या पाकिटाचे रंग चढवले. पुढे १९९० च्या दशकात रस्त्यावरच्या गाड्यांच्या रंगांवर ट्रॅकची नावे दिमाखाने मिरवू लागली. म्हणजे ही काही वडिलोपार्जित परंपरा नव्हे. मूळ परंपरा विकली गेल्यानंतर त्या रिकाम्या जागी मांडलेली ही शोभेची वस्तू आहे.

४/ आता चंदेरी रंग पाहू. कथा सर्वांना ठाऊक असते: १९३४ मध्ये मर्सिडीजची पांढरी गाडी ७५० किलोंच्या मर्यादेपेक्षा एक किलो जड भरली, रातोरात रंग खरवडला गेला आणि उघड्या धातूची ‘चंदेरी बाण’ ही गाडी जन्मली. ही कथा संघाचे व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर यांनी पुढे सांगितली. परंतु त्या दिवशीच्या आयफेल शर्यतीला ती वजनमर्यादा लागूच नव्हती. शिवाय १९३२ मध्येच बर्लिनच्या आवुस ट्रॅकवर रंग न दिलेली चंदेरी मर्सिडीज जिंकली होती. आख्यायिका चकाकते, म्हणून टिकते. हा धडा लक्षात ठेवा.

५/ आवुस म्हणजे दोन लांबलचक सरळ रस्ते आणि टोकांना वळणे. काम १९१३ मध्ये सुरू झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथे रशियन युद्धकैदी राबवले गेले. ट्रॅक खुला झाला १९२१ मध्ये. नाझी राजवटीत उत्तरेकडील वळण ४३ अंशांच्या उतारावर विटांनी बांधले गेले. १९३७ मध्ये हेरमान लांग तेथे ताशी २६० किलोमीटरहून अधिक सरासरी वेगाने जिंकला. मर्सिडीज आणि ऑटो युनियन या दोन्ही संघांमागे राजसत्तेचा पैसा होता आणि त्यांचा प्रत्येक विजय प्रचारासाठी वापरला जाई. १९५९ मध्ये याच विटांच्या वळणावर जाँ बेहरा हा फ्रेंच चालक मरण पावला.

६/ ऑडीची चार वर्तुळे ही ऑटो युनियनचीच खूण. १९९१ मध्ये ऑडीने चकचकीत उघड्या ॲल्युमिनियमची ‘आवुस क्वाट्रो’ ही प्रायोगिक गाडी दाखवली. आवुस सिल्व्हर हा रंगही ऑडीचाच. दुसऱ्या महायुद्धात ऑटो युनियनने छळछावण्यांतील हजारो कैद्यांना कामाला जुंपले होते. याचा सविस्तर अभ्यास ऑडीने स्वतः करवून घेतला आणि तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, हे न्यायाने नोंदवले पाहिजे. पण विभागणी पाहा: अंधार जाडजूड ग्रंथात, चकाकी रंगपत्रिकेवर. ग्रंथ किती जण उघडतात आणि रंगपत्रिका किती जण?

७/ इमोला. ३० एप्रिल १९९४ रोजी रोलांड रात्झेनबर्गर आणि दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी, आयर्टन सेना. एका शर्यतीच्या दोन दिवसांत दोन चालक गेले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात बीएमडब्ल्यूच्या गाड्यांवर इमोला रेड झळकू लागला. लाल! कुणी दुष्टबुद्धीने हे केले, असे मी म्हणत नाही. माझा आक्षेप अधिक गंभीर आहे: नाव निवडताना त्या जागी काय घडले, हा प्रश्न आडवा येण्याइतकाही महत्त्वाचा ठरला नाही.

८/ क्यालामी, दक्षिण आफ्रिका. १९८५ मध्ये तेथे आणीबाणी होती, वर्णद्वेषी राजवट रस्त्यावर रक्त सांडत होती. १८ ऑक्टोबरला कृष्णवर्णीय कवी बेंजामिन मोलॉइसे यांना प्रिटोरियात फाशी देण्यात आले. १९ ऑक्टोबरला क्यालामीवर ग्रां प्री झाली. रेनॉ आणि लिजिए या फ्रेंच संघांनी बहिष्कार घातला, बाकीचे धावले. त्यानंतर फॉर्म्युला वन तेथे १९९२ पर्यंत परतली नाही. आज क्यालामी ग्रीन हा ऑडीच्या आरएस ३ चा तजेलदार हिरवा रंग आहे.

९/ साखीर, बहरीन. २०११ ची शर्यत जनआंदोलन आणि त्याच्या दडपणुकीमुळे रद्द झाली. २०१२ मध्ये निदर्शने चालू असतानाच ती भरवली गेली. शर्यतीच्या आदल्या दिवशी एका आंदोलकाचा मृतदेह सापडला. दोनच वर्षांनी, २०१४ च्या एम ३ गाडीच्या रंगांत साखीर ऑरेंज होता. येथे तर ‘जुनी गोष्ट, विसरली गेली’ ही सबबही चालत नाही.

१०/ इंडियानापोलिस रेड. हे नाव मला एका अर्थाने पटते. १९०९ मध्ये तेथल्या पहिल्याच मोटारशर्यतींत माणसे दगावली, म्हणून उखडणाऱ्या पृष्ठभागावर सुमारे ३२ लाख विटा बसवल्या गेल्या. विटेचा लाल रंग त्या मातीला शोभतो. पण याच ट्रॅकवर आणखी एक रंग मोजला जात होता, कातडीचा.

११/ शर्यतीचे नियमन करणारी अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशन कृष्णवर्णीय चालकांना प्रवेश देत नसे. म्हणून त्यांनी १९२४ पासून त्याच शहरात ‘गोल्ड अँड ग्लोरी’ ही स्वतंत्र शर्यत भरवली. तिचा नामांकित विजेता चार्ली विगिन्स कसबी मेकॅनिक होता. १९३४ ची इंडियानापोलिस ५०० जिंकणाऱ्या बिल कमिंग्जच्या गाडीसाठी त्याचे कसब हवे होते, पण गॅरेजमध्ये शिरण्यासाठी त्याला झाडूवाल्याचे सोंग घ्यावे लागले. १९३६ च्या अपघातात त्याने पाय गमावला. इंडियानापोलिस ५०० साठी पहिला कृष्णवर्णीय चालक, विली टी. रिब्स, पात्र ठरला तो १९९१ मध्ये.

१२/ जागेच्या अर्थाची तरी कदर होते का? इंटरलागोस म्हणजे ‘तळ्यांच्या मधले’. साओ पाउलोच्या दोन जलाशयांमधला हा ट्रॅक, म्हणून इंटरलागोस ब्लू शोभतो. पण लगुना सेका म्हणजे ‘कोरडे तळे’! त्याला पाण्याचा फिकट निळा रंग दिला गेला. अर्थ जुळला तर योगायोग, न जुळला तरी कुणाचे अडत नाही.

१३/ आक्षेप पहिला: ‘रंगाच्या नावाकडून एवढी अपेक्षा कशाला? तो व्यापार आहे.’ मान्य. मग त्याला व्यापारच म्हणा. ‘इतिहासाला मानवंदना’ हे शब्द त्याच्याभोवती गुंडाळू नका. मानवंदना देणाऱ्याला ती कुणाला दिली, हे ठाऊक असावे लागते.

१४/ आक्षेप दुसरा, अधिक वजनदार: ‘या नावांमुळेच अनेकांना ते ट्रॅक कळतात.’ हे खरे आहे. माझीही सुरुवात एस्टोरिल ब्लूपासूनच झाली. पण दार दिसणे आणि आत जाणे यांत अंतर असते. कंपनीने दाराला रंग दिला. आत जाण्याचे कष्ट ज्याचे त्यालाच घ्यावे लागतात. ते कष्ट तुम्ही घेतलेत, तर त्याचे श्रेय तुमचे.

१५/ ही नावे पुसून टाका, असे मी म्हणणार नाही. पुसण्याने विस्मरणच वाढते. मागणी एवढीच: पुढच्या वेळी अशा गाडीचे छायाचित्र टाकाल, तेव्हा रंगाच्या नावाखाली एक तारीख लिहा. इमोला रेड, १ मे १९९४. क्यालामी ग्रीन, १९ ऑक्टोबर १९८५. रंगपत्रिकेत तारखेचा रकाना नसतो. तो आपण भरायचा आहे.

(थ्रेड समाप्त)