शेतातला मित्र, शेडमधला वैरी

हरभऱ्याला मर लागू नये म्हणून शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळणारे शेतकरी आपल्याकडे गावोगाव भेटतात. ही बुरशी दुसऱ्या बुरशीवर जगते. तिच्या तंतूंना विळखा घालते, कायटिनेजसारखी विकरं सोडून त्यांची भिंत विरघळवते आणि आतलं फस्त करते. मर रोगाच्या फ्युजेरियमचा असा निकाल लागला की आपण खूश. पण अळिंबी हीसुद्धा बुरशीच, हे ट्रायकोडर्माला कोण सांगणार? 1980च्या दशकात आयर्लंड-ब्रिटनमधल्या बटण अळिंबीत ट्रायकोडर्माचीच हिरवी बुरशी माजली, पुढे उत्तर अमेरिकेतही. आधी तिला जैविक बुरशीनाशकातली ट्रायकोडर्मा हार्झियानमच समजले. 2002 साली ती वेगळी जात ठरली, नाव पडलं अ‍ॅग्रेसिव्हम. (नाव ठेवणाऱ्यांनी भीड बाळगली नाही!) म्हणून पुड्यातली ट्रायकोडर्मा अळिंबीच्या शेडमध्ये निरुपद्रवी, असं मात्र नव्हे. धिंगरीच्या पिशव्यांवरचे हिरवे डाग बहुधा याच गोतावळ्यातले असतात. अळिंबी पिकवणाऱ्या वाचकांना एवढंच सांगणं: शेतात ट्रायकोडर्मा हाताळलीत तर हातपाय धुऊन, कपडे बदलूनच शेडमध्ये जा, आणि काड नीट निर्जंतुक केल्याशिवाय पिशवी भरू नका.