पत्र येईपर्यंत

तुरुंगातील बंद्याला आपल्या शिक्षेची मुदत ठाऊक असते. भिंतीवर रेघा ओढून तो दिवस मोजू शकतो. आश्रयासाठी अर्ज करून परक्या देशात बसलेल्या माणसाला तेवढाही आधार नसतो. किती दिवस उरले, हे त्याला कोणीच सांगत नाही.

ब्रिटनचेच पाहावे. मायदेशी जीव धोक्यात आहे म्हणून तेथे पोहोचलेला मनुष्य गृहखात्याकडे अर्ज करतो, अधिकाऱ्यापुढे आपली हकिकत तपशीलवार सांगतो आणि मग थांबतो. काहींना महिने लागतात, कित्येकांना वर्षे. पहिले १२ महिने त्याला नोकरीची परवानगी मागताही येत नाही. स्वतःचा स्वयंपाक करणाऱ्याला २०२४ पासून आठवड्याला ४९.१८ पौंड मिळतात; जेवण पुरवणाऱ्या हॉटेलात ठेवलेल्याला त्याहून पुष्कळच कमी. उपासमार होत नाही, हे खरे. परंतु कालपर्यंत शिक्षक किंवा शिंपी असलेल्या माणसाला सकाळी उठण्याचे कारण उरत नाही.

रात्री झोप येत नाही. मुलाखतीतील प्रत्येक उत्तर मनात पुन्हा तपासले जाते: अटकेची तारीख चुकली का? आधी भाऊ पळाला की आधी घर जळले? भोगलेल्या भयाची आठवण क्रमाने येत नाही; निर्णय मात्र बऱ्याचदा सांगण्यातील सुसंगतीवर तोलला जातो. गावाहून आई फोनवर विचारते, ‘झाले का रे तुझे काम?’ ‘होईल, आई,’ एवढेच तो म्हणतो. पुढे पुढे फोन घेणेच टाळू लागतो. ही लाज बाहेरच्यांना दिसत नाही.

हेलन बॅम्बर यांना हे दुःख फार जवळून दिसले. १९४५ मध्ये, वीस वर्षांच्या आसपास असताना, त्या मदतपथकाबरोबर जर्मनीतील बेल्सनच्या छावणीत गेल्या. मृत्यूच्या दाढेतून वाचलेली माणसे तेथे होती. सुटका झाली तरी त्यांपैकी पुष्कळांना जायला देश नव्हता. तेथील निर्वासितांची वस्ती १९५० पर्यंत टिकली. ही माणसे हेलन यांना घट्ट धरून आपली कहाणी सांगत. आपण काही बदलू शकत नाही, पण ऐकू शकतो आणि साक्षीदार राहू शकतो, हे त्यांना तेथे उमगले. १९८५ मध्ये त्यांनी लंडनमध्ये छळ सोसलेल्यांच्या उपचारासाठी संस्था उभारली. अधिकारी ऐकतो तो निवाडा करण्यासाठी. येथे ऐकणाऱ्याला निवाडा करायचा नव्हता. हा फरक लहान नाही.

याच संस्थेने १९९२ मध्ये उत्तर लंडनमध्ये बागकामाचा उपक्रम सुरू केला. भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यांवर आश्रयार्थी भाजी लावत आणि मानसोपचारक त्यांच्याबरोबर माती उकरत. खोलीत समोरासमोर बसून जे ओठांवर येत नाही, ते तण उपटता उपटता, खाली मान घालून बोलता येते. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. शिवाय तेथे तो हात पसरणारा राहत नाही. पिकवलेले दुसऱ्याला देऊ शकतो.

शेजाऱ्यांनाही थोडे करता येते. भेटल्याबरोबर ‘निर्णय लागला का?’ असे विचारू नये. लागला असता तर त्याने आपणहून सांगितले असते. त्यापेक्षा ‘तुमच्याकडे ही भाजी कशी करतात?’ असे विचारावे. सर्व काही ठीक होईल, असे आश्वासनही देऊ नये. ते देणाऱ्याच्या हातात नसते. अमुक वारी, अमुक वेळी येईन, असे सांगून त्या वेळी जावे. ज्याच्या आयुष्यात एकही तारीख नक्की नाही, त्याला आठवड्यातला एक तरी दिवस नक्की मिळतो.

पेरताना मात्र मन कचरतेच. कापणीपर्यंत आपण येथे असू का? थोड्या दिवसांच्या सूचनेवर दुसऱ्या शहरी हलवले जाणे नेहमीचेच. म्हणून एखादा आधी कोथिंबीर, मुळा असे लवकर हाती येणारेच लावतो. आणि मग एखाद्या वसंतात, पत्र आलेले नसतानाही, तो लसूण कधी लावतात, याची चौकशी करू लागतो. त्या थंड हवेत लसूण शरदात लावतात आणि पुढच्या उन्हाळ्यात काढतात.